रविवार संध्याकाळ, सात ते नऊ: जुनं रॉक-पॉप रेडिओवर कसं लावावं?

जुनी_तबकडी

नमस्कार मंडळी. मिशिगनमधल्या आमच्या गावात शंभर वॉटचं एक एफएम स्टेशन आहे. इकडे त्याला लो-पॉवर म्हणतात. २००० साली असल्या छोट्या, विनानफा स्टेशनांना परवाने द्यायचं ठरलं, त्यातलंच हे. गावाच्या वेशीपर्यंत नीट ऐकू येतं, हायवेला लागलं की खरखर. इंटरनेटवरही असतं, पण तिकडचे श्रोते म्हणजे गाव सोडून गेलेली मुलंबाळं.

तिथे रविवारी संध्याकाळी सात ते नऊ जुन्या इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम आता माझ्याकडे आलाय. १९५५ ते १९७५, रॉक आणि पॉप. आधी जे आजोबा करायचे ते फ्लोरिडाला लेकीकडे राहायला गेले आणि जाताना पंचेचाळीस फेऱ्यांच्या (मिनिटाला पंचेचाळीस फेरे फिरणाऱ्या) तबकड्यांची खोकी माझ्या गाडीत भरून गेले. मला ही गाणी कॉलेजात असताना कॅसेटवर भेटली, त्यामुळे आवड आहे, पण इथल्या सत्तरीच्या माणसाला ती जशी अंगावर येतात तशी मला येत नाहीत हेही खरं.

अडचण अशी की फोन येतात ते ठरावीक शंभरेक गाण्यांसाठी. तीच तीच. खोक्यात मात्र कधीच न वाजणाऱ्या सुंदर तबकड्या पडल्यात. लोकांना हवं ते लावावं, की त्यांनी न ऐकलेलं ऐकवावं? आणि दोन गाण्यांच्या मध्ये किती बोलावं? कुणी रेडिओवर काम केलं असेल तर जरूर लिहा. न केलेल्यांनीही लिहा, तसंही लिहिणारच आहात.

खवचट

पहिला प्रश्न: पगार किती?

जुनी_तबकडी

शून्य. वर्षातून दोनदा देणगी गोळा करायला फोनवर बसावं लागतं ते वेगळं.

खवचट

मग वरकमाई बघा. पन्नासच्या दशकात तिकडचे निवेदक गाणं वाजवायचे पैसे घेत. अ‍ॅलन फ्रीडचं नाव तर चक बेरीच्या 'मेबेलिन'वर सहगीतकार म्हणून लागलं होतं, एक ओळ न लिहिता. १९८६ साली काढलं म्हणे. तुम्ही पण एखाद्या अभंगावर नाव लावून घ्या. (हलके घ्या.)

हिशेबनीस

लोकांना हवं तेच लावा. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

अमेरिकेत 'टॉप फॉर्टी', म्हणजे ठरावीक लोकप्रिय गाणीच फिरवत राहायची, हा प्रकारच यातून निघाला. ओमाहातल्या टॉड स्टॉर्झची गोष्ट सांगतात: बारमध्ये गिऱ्हाइकं दिवसभर ज्यूकबॉक्सवर तीच चार गाणी लावत होती. रात्री दुकान आवरताना वेट्रेसने स्वतःचं नाणं टाकलं आणि दिवसभर ऐकलेलंच गाणं परत लावलं. गोष्ट खरी असो नसो, तिच्यावर अख्खा धंदा उभा राहिला. माणसाला ओळखीचं गाणं ओळखण्यात मजा येते.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. डब्ल्यूसीबीएस-एफएम १९७२पासून जुनी गाणी लावायचं. ३ जून २००५ ला मालकांनी निवेदक काढले, जुनी गाणी काढली आणि 'जॅक' नावाचा बिनचेहऱ्याचा प्रकार आणला. लोक भयंकर चिडले. १२ जुलै २००७ ला जुनी गाणी परत आणावी लागली. यावरून काय ते समजा.

रानवारा

हिशेबनीस, अर्धीच गोष्ट सांगितलीत. परत आणली तेव्हा पन्नासचं दशक जवळपास गायब झालं होतं आणि ऐंशीचं आत आलं होतं. कारण जाहिरातदारांना २५ ते ५४ वयाचा श्रोता लागतो. ऐंशी वर्षांच्या आजीला कोण गाडी विकणार? तबकडीराव, तुमचं स्टेशन जाहिराती घेत नाही. म्हणजे ज्या एका कारणासाठी बाकीचे तीच शंभर गाणी दळत बसतात ते कारणच तुम्हाला लागू नाही. मग तुम्ही का दळता?

एक हिशेब सांगतो. ४ एप्रिल १९६४ च्या आठवड्यात बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिले पाचही क्रमांक बीटल्सचे होते. हे सगळ्यांना पाठ असतं. पण यादी शंभराची होती. उरलेली पंचाण्णव गाणी कोण लावणार? त्या आठवड्यात ती लोकांनी विकत घेतली, त्यांच्यावर नाचले, आणि आज त्यातली कित्येक रेडिओवर येतच नाहीत.

तुम्ही असं करा: ज्या रविवारी कार्यक्रम त्याच आठवड्याची एखाद्या जुन्या वर्षाची यादी घ्या, आणि चाळीस ते नव्वद क्रमांकांमधलं एक गाणं लावा. दर तासाला एक. लोक त्याची वाट बघायला लागतील.

हिशेबनीस

वाट बघत नाहीत हो, स्टेशन बदलतात. आणि ती यादी ४ ऑगस्ट १९५८ ला सुरू झाली. त्याआधीच्या वर्षांसाठी वेगळ्या याद्या धुंडाळाव्या लागतील.

रानवारा

गावात दुसरं स्टेशन असेल तर बदलतील ना. :)

फेडर_खाली

पुण्यात एका खाजगी एफएमवर काही वर्षं आरजे होतो, म्हणून बोलण्याबद्दल लिहितो. तिथे गाणी आम्ही निवडत नव्हतो, सॉफ्टवेअर निवडायचं. आमच्या हातात फक्त लिंक. लिंक म्हणजे दोन गाण्यांच्या मधलं बोलणं, पस्तीस-चाळीस सेकंद. आमचे प्रोग्रॅमिंग हेड सांगायचे: एका लिंकमध्ये एकच गोष्ट. दुसरी सुचली तर पुढच्या लिंकला. हा एक नियम पाळलात तर निम्मी लढाई जिंकलीत.

विकिपीडिया वाचून दाखवू नका. 'हे गाणं अमुक साली आलं, अमुक कंपनीने काढलं, इतके आठवडे यादीत होतं' हे ऐकताना माणूस भाजी चिरायला उठतो. त्याऐवजी गाण्यात ऐकू येईल असं काहीतरी सांगा. उदाहरणार्थ 'यू हॅव लॉस्ट दॅट लव्हिन् फीलिन्', १९६४. त्या वेळी तीन मिनिटांच्या पुढचं गाणं स्टेशनवाले घेत नसत, आणि हे पावणेचार मिनिटांचं. निर्माता फिल स्पेक्टरने लेबलवर ३:०५ छापून टाकलं. निवेदक बिचारे घड्याळ बघून बातम्यांची तयारी करायचे आणि गाणं संपतच नसे. एवढं सांगा आणि लावा. ऐकणारा घड्याळ बघत ऐकतो की नाही बघा.

आणि गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यांवर बोलायचं असेल तर आवाज लागायच्या क्षणी थांबायचं, एक शब्दही गायकाच्या अंगावर जाता कामा नये. तुमच्याकडे तबकड्या आहेत म्हणजे लेबलवर पेन्सिलने सेकंद लिहिलेले असतील, जुने लोक लिहून ठेवायचे.

जुनी_तबकडी

आहेत! आजोबांनी प्रत्येक कागदी पाकिटावर कोपऱ्यात आकडे लिहिलेत. ११, ७, १४. मला वाटलं किमती आहेत.

तबकडी लावायचं तंत्रही त्यांनीच शिकवलं. फिरत्या प्लेटवर नमद्याचा गोल तुकडा, त्यावर तबकडी. सुई पहिल्या आवाजावर नेऊन ठेवायची, मग तबकडी पाव फेरा उलटी फिरवायची आणि कडेला बोट दाबून धरायची. खाली प्लेट फिरतच असते. माइकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली, तबकडीचा वर, बोट सोडा. पाव फेरा कमी पडला तर गाणं 'उंऽऽव' करत सुरू होतं, गायकाला झोपेतून उठवल्यासारखं.

अनवाणी

वा, हे वाचायला मजा आली. वाचनखूण साठवली.

ताम्हिणी

मला एक समजत नाही. मराठी माणूस अमेरिकेत जातो, रेडिओ हातात येतो, आणि तो अमेरिकनांना अमेरिकन गाणी ऐकवतो? भीमसेन, वसंतराव, बाबूजी हे कुणी ऐकवायचे? हा न्यूनगंड आहे, स्पष्टच बोलतो.

जुनी_तबकडी

ताम्हिणी, शनिवारी सकाळी भारतीय संगीताचा तास आहे. एक गुजराती मावशी चालवतात, आणि त्यात महिन्यातून एकदा मराठी असतं, तबकड्या माझ्याच. बाबूजी लावून झालेत. गावातल्या लोकांना हार्मोनियम फार आवडते असा अनुभव आहे.

पेडण्याची

ताम्हिणीदादा, आमच्या गोव्यात या मग. आमच्याकडे 'जुनी गाणी' म्हटलं की एका घरात कोकणी गाणारी लॉर्ना, शेजारच्या घरात एल्विस आणि तिसऱ्या घरात नाट्यगीत, आणि तिन्ही घरं एकमेकांची गाणी भिंतीआडून ऐकत मोठी होतात. मुंबईच्या हॉटेलांत साठच्या दशकात रॉक अँड रोल वाजवणारे निम्मे वादक आमच्याच गावांतले. तेच दिवसा फिल्म स्टुडिओत व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवायचे. परकं काय त्यात?

सातारी_कंदी

पाचगणीचा उल्लेख अजून कुणी केला नाही याचं आश्चर्य वाटतंय. फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला. तेव्हा फरोख बलसारा. शाळेत 'द हेक्टिक्स' नावाचा बँड होता आणि हा पियानोवर.

खवचट

मी घड्याळ लावूनच बसलो होतो.

सातारी_कंदी

बसा. पण विषयाला धरूनच आहे. त्याच्या पुढच्या 'क्वीन' या बँडची 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' १९७५ ची, जवळपास सहा मिनिटांची. एवढं लांब गाणं रेडिओ घेणार नाही असं सगळे म्हणत होते. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेटने एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजवलं असं सांगतात. म्हणजे लोकांनी मागितलं म्हणून लावलं नाही, लावलं म्हणून लोकांनी मागितलं. रानवारा यांच्या बाजूने हा माझा मुद्दा. आणि तबकडीराव, हे गाणं तुमच्या १९७५ च्या हद्दीत बसतं. एकदा लावा आणि पाचगणी कुठे आहे ते मिशिगनला सांगा.

मुळा_मुठा

मी इंग्लंडमध्ये हॉस्पिटल रेडिओवर स्वयंसेवक आहे, गुरुवारी संध्याकाळी. इथे बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत असा रेडिओ असतो. कार्यक्रमाच्या आधी तासभर वॉर्डात फिरायचं, हातात पॅड, प्रत्येक खाटेपाशी जाऊन 'काही ऐकायचंय का' विचारायचं, मग खाली तळघरातल्या खोलीत येऊन ते लावायचं.

हिशेबनीस म्हणतात ते तिथे शंभर टक्के लागू. आजारी माणसाला नवीन काही नको असतं. पण एक गंमत सांगते. 'तुम्हाला कोणतं गाणं हवं' असं विचारलं तर सगळे तीच दहा नावं सांगतात, कारण पटकन दुसरं आठवत नाही. मी प्रश्न बदलला. 'पहिली तबकडी स्वतःच्या पैशांनी कोणती घेतलीत?' असं विचारते. मग बघा काय काय निघतं! एका बाईंनी हेलन शपिरोचं नाव घेतलं. चौदाव्या वर्षी, १९६१ मध्ये इंग्लंड गाजवलेली मुलगी, आणि आवाज असा भारदस्त की ऐकणाऱ्याला चाळिशीची बाई वाटावी. शेजारच्या खाटेवरच्या बाई उठूनच बसल्या, 'माझ्याकडे पण होती' म्हणून. ती दोघींना माहीत होती, पण कुणी लावत नव्हतं म्हणून मागायचं सुचलं नव्हतं.

तबकडीभाऊ, फोन करणाऱ्याला हा प्रश्न विचारून बघा.

अवांतर: न लावायच्या गाण्यांची आमची एक अलिखित यादी आहे. 'स्टेअरवे टू हेवन' नाही. 'नॉकिन् ऑन हेवन्स डोअर' तर नाहीच. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' एका नव्या मुलाने हृदयरोग विभागाच्या फर्माइशीत लावलं होतं. रुग्ण हसले, मेट्रन नाही हसल्या.

खवचट

मुळाताई, 'चल उड जा रे पंछी' पण यादीत टाका.

शॉर्टवेव्ह

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितो आहे. वय वर्षे त्र्याहत्तर, मुक्काम दादर.

तुम्ही मंडळी ज्या गाण्यांबद्दल बोलताय ती मी येत होती त्याच काळात ऐकली, तीही चाळीत. आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. लावला की आवाज यायला अर्धा मिनिट, तोपर्यंत ती हिरवी डोळ्यासारखी काच हळूहळू उजळायची. त्याचं लायसन्स पोस्टात जाऊन भरावं लागे. १९५२ साली केसकर मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली, तेव्हा सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला हे सर्वांना ठाऊक आहे. पण सिलोनवर इंग्रजी गाणीही लागत, आणि आमच्यासारखी पोरं हिंदीसाठी लावलेल्या काट्यावर चुकून क्लिफ रिचर्डला भेटली. पुढे आकाशवाणी मुंबईवर शनिवारी रात्री 'सॅटर्डे डेट' लागायचं. वडील म्हणत, हे काय केकाटतंय? मग मी आवाज इतका बारीक करायचो की कान जाळीला लावावा लागे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आपल्याकडे 'आपली आवड' होतं. गाण्याआधी नावांची यादी वाचत. मिरजेहून अमुक, तुमसरहून तमुक आणि मित्रमंडळ, परळीहून कुटुंबीय. गाणं तेच असायचं, महिनोन्‌महिने तेच. पण आम्ही कान टवकारायचो तो नावांसाठी. आपल्या गावाचं नाव आलं की घरात आरडाओरडा. लोक गाणं मागत नव्हते, आपलं नाव आकाशात जावं म्हणून पत्र टाकत होते. तेव्हा तेच गाणं मागतात म्हणून कुरकुरू नका. त्यांचं नाव नीट, सावकाश वाचा. मग पुढचं गाणं तुम्हाला हवं ते लावा, कुणी काही म्हणणार नाही.

रानवारा

काका, दंडवत. या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

अनवाणी

शॉर्टवेव्ह काका, तुमचं वाचून लॉस एंजेलिसचे आर्ट लबो आठवले. मी तिकडे शिकायला होते तेव्हा रविवारी रात्री त्यांचा कार्यक्रम लागायचा. हल्ली आपण 'ओल्डीज बट गुडीज' म्हणतो ते त्यांच्याच तबकडीचं नाव, १९५९ साली काढलेली. पण त्यांची खरी ओळख म्हणजे गाणं कुणाला तरी अर्पण करायला येणारे फोन. तुरुंगात असलेल्या नवऱ्यासाठी बायको फोन करायची, बापासाठी लहान पोरं. तो तुरुंगात रेडिओवर ऐकतोय हे गृहीत धरून. लबो फार काही बोलायचे नाहीत. 'काय सांगायचंय त्यांना?' एवढंच विचारायचे आणि ऐकून घ्यायचे. पोरगं 'आय लव्ह यू, डॅडी' म्हणायचं आणि गाणं सुरू.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, ९७ वर्षांचे होते. शेवटपर्यंत कार्यक्रम करत होते.

फेडर_खाली

आर्ट लबोंचं बोलणं म्हणजे लिंक कशी असावी याचा धडा आहे. फोन करणारा बोलतोय तोवर निवेदकाने गप्प बसायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. आमच्याकडे फोन करणारा 'हॅलो' म्हणेपर्यंत आरजेने तीन विनोद करून टाकलेले असतात.

ताम्हिणी

म्हणजे शेवटी 'आपली आवड'च श्रेष्ठ. मी हेच म्हणत होतो.

खवचट

तुम्ही हे अजिबात म्हणत नव्हता.

संपादक मंडळ

ताम्हिणी आणि खवचट यांच्यातले पुढचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. भाषिक अस्मितेसाठी वेगळा धागा काढावा. असे धागे आधीच बरेच आहेत.

हिशेबनीस

दोन व्यवहाराच्या गोष्टी, कारण बाकीचे सगळे भावुक झालेत.

एक. खोक्यात नसलेलं गाणं ऑनलाइन शोधून लावाल तर जपून. साठच्या दशकातल्या बऱ्याच गायकांनी पुढे सत्तर-ऐंशीमध्ये स्वस्तातल्या संग्रहांसाठी तीच गाणी परत गाऊन दिली, कारण मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे. नाव तेच, गायक तोच, फोटो तरुणपणीचा, आणि गाणं सुरू झालं की ड्रम ऐंशीतल्या लग्नाच्या बँडचे. जाणकार श्रोता दोन सेकंदांत ओळखतो आणि फोन करतो. मूळ गाणं किती मिनिटांचं होतं ते लेबलवरून पडताळा. अर्थात स्पेक्टरचं लेबल सोडून.

दोन. तुमचं स्टेशन ऑनलाइन पण आहे म्हणालात. मग अमेरिकन कायद्यातली ती अट लक्षात ठेवा: तीन तासांच्या आत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी नाहीत, त्यातली सलग तीनपेक्षा जास्त नाहीत. एका अल्बममधली जास्तीत जास्त तीन, सलग दोन. कोणतं गाणं कधी लागणार हे आधी जाहीर करायचं नाही. नुसत्या एफएमला हे बंधन नाही, इंटरनेटवर गेलं की आहे. तेव्हा 'बीटल्स विशेष, दोन तास' वगैरे मनात असेल तर विसरा. आणि गंमत म्हणजे अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. ऑनलाइन वाजलं तर गाणाऱ्यालाही मिळतात.

जुनी_तबकडी

अरे देवा. पुढच्या रविवारी बीटल्स विशेषच ठरवला होता.

रानवारा

करा की! चारच बीटल्सची लावा. बाकी वेळात बीटल्सनी ज्यांची गाणी उचलली त्यांची मुळं लावा. 'प्लीज मिस्टर पोस्टमन' मार्व्हलेट्सचं, १९६१. 'ट्विस्ट अँड शाउट' आयस्ली ब्रदर्सचं. 'रोल ओव्हर बेथोव्हेन' चक बेरीचं, १९५६. मग उलटं: लेनन-मॅकार्टनीने दुसऱ्यांना दिलेली गाणी. पीटर अँड गॉर्डनचं 'अ वर्ल्ड विदाउट लव्ह' १९६४ ला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. दोन तास आरामात भरतील, कायदाही पाळला जाईल, आणि हिशेबनीस यांचे श्रोते ओळखीची चाल ऐकून खूश.

पेडण्याची

आणि 'जानवर'मधलं 'देखो अब तो किसको नहीं है खबर' विसरू नका. १९६५. 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' शम्मी कपूरच्या कमरेला बांधलंय.

मुळा_मुठा

बीटल्स लावताना आणखी एक. सुरुवातीचे स्टीरिओ अल्बम असे आहेत की गाणं उजवीकडे आणि वाद्यं डावीकडे, मधे काही नाही. आमच्याकडे एक आजोबा होते, त्यांना फक्त डाव्या कानाने ऐकू यायचं. हेडफोन लावून ऐकत होते. वॉर्डात गेल्यावर म्हणाले, वाजवता छान, पण गाणारे कुठे गेले? तेव्हापासून मी मोनोच लावते. तसंही ती गाणी एएम रेडिओसाठी मोनोतच नीट केलेली असायची. डेट्रॉइटच्या मोटाउन या तबकड्यांच्या कंपनीवाले तर गाडीतल्यासारख्या छोट्या स्पीकरवर ऐकून गाणं पास करायचे, कारण पोरं ते गाडीतच ऐकणार.

कोथरूडकर_जुने

खूप छान माहिती. आमच्या वेळी असं नव्हतं.

जुनी_तबकडी

मंडळी, रविवार झाला, अहवाल देतो.

बीटल्स संध्याकाळ रानवारा यांच्या नकाशाप्रमाणे केली. चार बीटल्सची, बाकी मुळं आणि फांद्या. फेडर_खाली यांचं ऐकून एका लिंकमध्ये एकच गोष्ट. पंधरा मिनिटांत पहिला फोन: 'बीटल्स म्हणालास आणि हे कोण गातंय?' मी म्हटलं, बीटल्सनी हे ज्यांच्याकडून घेतलं ते. गृहस्थ म्हणाले, 'मला बीटल्सच हवेत,' आणि ठेवून दिला. हिशेबनीस, हा तुमच्या खात्यात.

नंतर मार्व्हलेट्स लागल्यावर एका बाईंचा फोन आला. त्या डेट्रॉइटमध्ये वाढलेल्या. मुळाताईंचा प्रश्न विचारला, पहिली तबकडी कोणती घेतलीत? म्हणाल्या, हीच, आणि भावाने दुसऱ्या दिवशी तिच्यावर बसून मोडली. नाव विचारलं, माइकवर सावकाश वाचलं, भावाचंही वाचलं. दहा मिनिटांनी भावाचा फोन! साठ वर्षांनी जाहीर बदनामी केल्याबद्दल तक्रार करायला. त्याने जे गाणं मागितलं ते खोक्यात होतं आणि मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. लावलं. चांगलं होतं.

पावणेनऊला शम्मी कपूर लावला. काही सांगितलं नाही, सरळ लावला. एका आजोबांनी फोन करून विचारलं, 'ही बीटल्सची ग्रीकमधली तबकडी का?' बॉम्बेची आहे म्हटल्यावर म्हणाले, 'परत लाव.' कायद्याचं बंधन शम्मीलाही असेल या भीतीने नाही लावलं.

पेडण्याची

ग्रीक!! वारले मी.

फेडर_खाली

भाऊ-बहिणीला कायमचं बोलवा. दर महिन्याला दोघांत भांडण लावून द्या, तुम्हाला बोलावंच लागणार नाही.

हिशेबनीस

फोन ठेवणारा तो एक गृहस्थ म्हणजे न बोलता स्टेशन बदलणारे वीस, हे लक्षात असू द्या. पण भावाचा फोन आला हे मान्य.

रानवारा

'पण... मान्य' हे हिशेबनीस यांच्याकडून! संपादक, हा प्रतिसाद चिकटवून ठेवा.

सातारी_कंदी

पाचगणी कधी?

जुनी_तबकडी

पुढच्या महिन्यात. मात्र आठच्या आसपास लावायला नको. दर तासाला, ठोक्याच्या जमेल तितक्या जवळ, स्टेशनचं नाव आणि गाव सांगावं लागतं, आणि एवढं लांब गाणं त्यावर आलं की पंचाईत. लांब गाण्यांचा उपयोग निवेदकाला वेगळ्याच कामासाठी होतो, ते फेडर_खाली सांगतील.

फेडर_खाली

'अमेरिकन पाय', साडेआठ मिनिटं. बाथरूम दुसऱ्या मजल्यावर असेल तरी पुरतात.

अनवाणी

ऑनलाइन ऐकायची लिंक विपुत (विचारपुशीत) पाठवाल का? आणि भारतात किती वाजता?

जुनी_तबकडी

विपु केली. उन्हाळ्यात भारतात सोमवारी पहाटे साडेचार ते साडेसहा, इकडे घड्याळं मागे गेली की साडेपाच ते साडेसात.

खवचट

पहाटे साडेचार म्हणजे काकड आरती. 'उठा उठा हो सकळिक' नंतर लगेच एल्विस.

शॉर्टवेव्ह

मी त्या वेळेला उठलेलाच असतो. तबकडीराव, फर्माइश लिहून घ्या. दादरहून शॉर्टवेव्ह, सौ. शॉर्टवेव्ह, आणि वरच्या मजल्यावरचे, ज्यांना हे ऐकावंच लागणार आहे ते सर्व शेजारी. क्लिफ रिचर्डचं काहीही चालेल. सौं.ना मात्र जिम रीव्हज हवाय. त्यावरून इथे सकाळपासून वाद चालू आहे, तेव्हा दोन्ही लावा.

जुनी_तबकडी

काका, दोन्ही खोक्यात आहेत. कधी लागतील ते आधी सांगता येत नाही, कायदा आहे. काकूंचं आधी लावतो.